नामदेवांची तुपाची वाटी आणि घरातला गुरगुरणारा कुत्रा



या पानावर मी एरवी परीक्षा, वाचन, शिस्त अशा विषयांवर लिहिते. या वेळचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. पण आपल्या शाळेतल्या पुष्कळ घरांत आता कुत्रा पाळलेला आहे, म्हणून तो आज ना उद्या उपयोगी पडेल असे वाटते.

गुढीपाडव्याच्या सुट्टीनंतर चौथीतली एक मुलगी उजव्या हाताला पट्टी बांधून शाळेत आली. घरचा लॅब्रेडॉर ब्रूनो तिला चावला होता. सणाच्या गडबडीत त्याने श्रीखंडाचा रिकामा डबा ओट्यावरून पळवला आणि सोफ्यामागे जाऊन चाटत बसला. हिने डबा ओढायला हात घातला आणि क्षणात सगळे घडले. आजी म्हणाल्या, "चावरं जनावर घरात नको." वडिलांनी त्याला गावाबाहेर सोडून यायचे ठरवले. मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, तो आधी गुरगुरला होता. मीच ऐकलं नाही. तुम्ही माझ्या बाबांना सांगाल का?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मुलीचे नाव न देता हा प्रसंग लिहायला तिच्या आईवडिलांनी संमती दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मी लगेच का गेले, हे सांगण्यासाठी आधी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

माझी चूक

गोष्ट 1998 सालची आहे. आमच्या एकत्र कुटुंबात मोती नावाचा कुत्रा होता. एरवी गरीब, पण खाताना कोणी जवळ गेले की गुरगुरायचा. ओळखीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला की, तो खात असताना मधेच भांडे उचलून घ्या आणि गुरगुरला की वर्तमानपत्राच्या सुरळीने फटका द्या, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. मी नेमाने तसे केले. महिनाभरात मोतीचे गुरगुरणे थांबले. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असे की, बघा, शिस्त लागली.

त्याच दिवाळीत माझ्या दिरांचा चार वर्षांचा मुलगा हातात करंजी घेऊन अंगणात खेळत होता. करंजी मोतीच्या पुढ्यात पडली. मुलगा ती उचलायला वाकला आणि मोती त्याच्या गालाला चावला. आधी काही आवाज नाही, दात विचकणे नाही. सगळे म्हणाले, "काही कारण नसताना चावला." मोतीची रवानगी कोणाच्या तरी शेतावर झाली. पुढे त्याचे काय झाले, ते मी कधी विचारलेही नाही. तो मुलगा आता स्वतः बाप झाला आहे, पण गालावरची खूण अजून आहे. तो घरी आला की माझी नजर आधी तिकडेच जाते.

मोतीची भीती मी घालवली नव्हती, फक्त त्याचे तोंड बंद केले होते. घरात धूर झाला की वाजणारी घंटा त्रासदायक वाटली म्हणून तिची तार तोडावी, तसे ते झाले.

गुरगुरण्याचा अर्थ

आपल्या ताब्यातले अन्न, हाड, चेंडू, कधी चोरलेला मोजा किंवा बसायची जागा राखण्यासाठी कुत्रा अंग ताठ करतो, गुरगुरतो, चावतो. अभ्यासक याला 'रिसोर्स गार्डिंग' म्हणतात. आपण साध्या भाषेत 'राखण' म्हणू. हा काही रोग नाही. ज्याने आपल्या तोंडचा घास राखला तोच जगला, अशा पूर्वजांकडून हा स्वभाव आलेला आहे. कुत्र्याला हिस्सा, उसने, परत देणे या गोष्टी कळत नाहीत. जवळ येणारा हात आपले काढून घेणार, एवढेच त्याला कळते.

'कुत्रा घरात राजा व्हायला बघतो, त्याला दाबले पाहिजे' हा समज अजून ऐकू येतो. त्याचे मूळ बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. शेंकेल या संशोधकाने 1947 मध्ये कुंपणात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या झगड्यांविषयी लिहिले, आणि त्यावरून कळपातल्या 'म्होरक्या'ची कल्पना पसरली. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1970 सालच्या पुस्तकाने ती आणखी लोकप्रिय झाली. पण मेक यांनीच रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून 1999 मध्ये लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंबच. लांडग्याच्या तोंडाभोवतीची जागा त्याची स्वतःची असते आणि कोणत्याही दर्जाचा लांडगा तिथले अन्न सोडायला तयार नसतो, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे तोंडचा घास राखण्याचा आणि राजेपणाचा संबंध नाही.

धोक्याच्या पायऱ्या

कुत्रा एकदम चावत नाही. बहुतेक वेळा तो आधी सांगतो, आणि ही भाषा घरातल्या प्रत्येकाला वाचता आली पाहिजे.

1. तुम्ही जवळ जाताच तो घाईघाईने खाऊ लागतो, किंवा वस्तू तोंडात धरून दूर जातो.
2. खाता खाता थांबतो, अंग ताठ करतो. डोके भांड्यावरच राहते. ही स्तब्धता फार महत्त्वाची आहे.
3. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो.
4. गुरगुरतो.
5. ओठ वर करून दात दाखवतो.
6. हवेत चावा घेतो.
7. चावतो.

पहिल्या तीन पायऱ्यांवर आवाज नसतो, म्हणून त्या आपल्या लक्षात येत नाहीत. चौथ्या पायरीला मारले, तर कुत्रा ती पायरी गाळायला शिकतो. मोतीचे तेच झाले.

काय करू नये

खाताना भांडे उचलू नये. 'सवय व्हावी' म्हणून भांड्यात हात घालू नये. ज्याच्या ताटात रोज कोणी हात घालतो, तो माणूसही चिडेल. गुरगुरल्याबद्दल मारू नये, ओरडू नये. चोरलेली वस्तू सोडवण्यासाठी मागे धावू नये आणि जबडा उघडू नये. हाड दाखवून चिडवणे हा काही मुलांचा आवडता खेळ आहे, तो घरात कडक शब्दांत बंद करावा. आणि उपाशी ठेवून वठणीवर आणू असे कोणी म्हटले, तर ऐकू नये. भूक वाढली की राखणही वाढते.

नामदेव आणि पावलोव्ह

मग करायचे काय? उत्तर आपल्या घरात लहानपणापासून सांगितलेल्या एका गोष्टीत आहे. संत नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी पोळी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे गेले. ही कथा भूतदयेची, सर्वांभूती ईश्वर पाहण्याची आहे, आणि तिचा खरा अर्थ तोच. पण शिक्षिकेच्या नजरेने मला तिच्यात आणखी एक धडा दिसतो: ज्याला वाटते की माणूस हिसकावायला येतो, त्याला माणूस काही द्यायला येतो हे दाखवणे. मात्र आपण कुत्र्याच्या मागे धावायचे नाही. तेवढा भाग संतांनाच शोभतो!

विज्ञानाचा आधार रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगांत आहे. पचनसंस्थेवरील कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्न मिळण्याआधीच, अन्न आणणारा माणूस दिसताच, पाणी सुटू लागे. मग त्यांनी ठोके देणाऱ्या यंत्राचा आवाज आणि लगेच अन्न अशी जोडी वारंवार जमवली, तेव्हा नुसत्या ठोक्यांनीही लाळ येऊ लागली. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे मी हे 'अनुबंधन' म्हणून पाठ केले होते. मराठी पुस्तकांत त्याला 'अभिसंधान' म्हणतात. पाठ केले, गुण मिळवले, पण घरातल्या कुत्र्याशी त्याचा संबंध आहे हे मोतीच्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. विद्यार्थी मित्रांनो, पाठ करणे आणि समजणे यात हाच फरक आहे.

आपल्याला करायचे ते एवढेच: आपली पावले हे ठोके, आणि त्यांच्यामागून येणारा चांगला घास हे अन्न. 'पावले वाजली, आता जाणार' असे जिथे वाटत होते, तिथे 'पावले वाजली, आता येणार' असे त्याला वाटले पाहिजे.

आधी व्यवस्था

शिकवणे नंतर. पहिल्या दिवसापासून चावण्याची संधीच राहू नये अशी व्यवस्था करावी. कुत्र्याचे जेवण ठरलेल्या वेळी, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, दार लावता येईल अशा खोलीत द्यावे. तो जेवून बाहेर आल्यावर, त्याच्या पाठीमागे भांडे उचलावे. ज्या वस्तूंवर तो भांडतो त्या जमिनीवर राहू देऊ नयेत. दोन कुत्रे असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत जेवू घालावे. ज्या घरांना पुढचे शिकवणे जमणार नाही, त्यांनी एवढे नेमाने केले तरी पुष्कळ अपघात टळतील.

भांड्याजवळचा पाठ

हा पाठ घरातल्या मोठ्या आणि शांत माणसाने द्यावा. मुलांनी नाही. कुत्रा आधी कोणाला चावलेला असेल तर जाणकाराला विचारूनच सुरुवात करावी. भांड्यात रोजचे साधे जेवण ठेवावे आणि हातात त्याहून आवडीचे काही, म्हणजे पनीरचे किंवा बिनहाडाच्या उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे.

पहिली पायरी: कुत्रा निवांत खात राहील इतक्या अंतरावर उभे राहा. कोणाच्या बाबतीत ते सहा फूट असेल, कोणाच्या बारा. तिथून एक तुकडा भांड्याजवळ टाका आणि लगेच मागे फिरा. एका जेवणात असे पाचसहा वेळा करा. मागे फिरणे विसरू नका. आपण आलो, दिले आणि गेलो, हाच धडा आहे.

दुसरी पायरी: काही दिवसांनी तुम्ही दिसताच तो मान वर करून, अंग सैल ठेवून, शेपटी हलवत वाट पाहू लागेल. तसे दिसले तरच एक पाऊल पुढे. अंग ताठले किंवा खाण्याचा वेग वाढला, तर तुम्ही घाई केली असे समजा आणि मागच्या अंतरावर परत या.

तिसरी पायरी: असे करत भांड्याजवळ पोहोचलात की तुकडा भांड्यातच टाका. मग किंचित वाकून टाका. पुढे एका हाताने भांड्याला स्पर्श आणि दुसऱ्याने तुकडा. अगदी शेवटी भांडे थोडे उचला, त्यात चांगले काही घाला आणि लगेच परत ठेवा.

याला आठवडे लागतात, कधी महिने. शिवाय आईकडून शिकलेला पाठ कुत्रा वडिलांना आपोआप लागू करत नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाने पहिल्या पायरीपासून सुरू करावे. आणि पाठ पूर्ण झाला म्हणून रोज भांडे उचलून परीक्षा घेऊ नये. जेवणाऱ्याला जेवू द्यावे.

खेळण्यांसाठी 'दे'

चेंडू किंवा दोरी सोडत नसेल तर अदलाबदल शिकवावी. सुरुवात त्याला फारशा प्रिय नसलेल्या वस्तूने करा. ती त्याच्या तोंडात असताना नाकाजवळ खाऊ न्या. तोंड उघडताच 'दे' म्हणा, खाऊ द्या आणि ती वस्तू त्याला परत करा. परत करणे हा या पाठाचा प्राण आहे. दिले तरी जात नाही, उलट वर खाऊ मिळतो, हे पटले की देणे सोपे होते. पुढे 'दे' आधी म्हणा आणि खाऊ नंतर दाखवा. सारखे दोन चेंडू असतील तर आणखी सोपे: एक सोडला की दुसरा फेकायचा.

चोरलेली वस्तू निरुपद्रवी असेल, जुना मोजा किंवा कागद, तर लक्ष देऊ नका. आपण मागे लागत नाही म्हटल्यावर तिची किंमत कमी होते. धोक्याची असेल, म्हणजे औषधाची पट्टी, चॉकलेट, मनुका किंवा शिजवलेले हाड, तर चारपाच घास थोड्या अंतरावर पसरून टाका. तो तिकडे गेला की त्याला दुसऱ्या खोलीत घेऊन दार लावा आणि मग वस्तू उचला. असे काही त्याने गिळले असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करा.

नवे पिल्लू आणले असेल तर पहिल्या दिवसापासून त्याच्या भांड्याजवळून जाताना एखादा चांगला घास टाकत जा. पुष्कळदा राखण सुरूच होणार नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

कधी न गुरगुरणारा कुत्रा अचानक गुरगुरू लागला, तर आधी पशुवैद्यांना दाखवावे. दाताचे दुखणे, सांधेदुखी, जंत, भूक वाढवणारी औषधे अशी कारणे असू शकतात. आपल्या इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. चावा खोल असेल, राखण वाढत असेल किंवा घरात रांगते मूल असेल, तर घरगुती प्रयोग न करता वर्तनाच्या जाणकाराची मदत घ्यावी.

मुलांसाठी पाच नियम

1. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. घरचा असो की गल्लीतला.
2. कुत्र्याच्या तोंडातली वस्तू आपली असली तरी घ्यायची नाही. मोठ्यांना हाक मारायची.
3. हातात खाऊ घेऊन कुत्र्याजवळ पळायचे नाही.
4. कुत्रा गुरगुरला तर थांबायचे, हळूहळू मागे सरायचे आणि घरी सांगायचे. गुरगुरल्याबद्दल त्याला रागवायचे नाही.
5. चावला किंवा नखाने रक्त आले, तर लपवायचे नाही. कोणी रागावणार नाही.

पालकहो, पाचवा नियम तुमच्यासाठीही आहे. रागावू नका, म्हणजे मुले सांगतील. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. त्यावर मिरची, हळद, चुना, तेल असे काही लावू नका. जखमेत तिखट भरण्याची जुनी पद्धत आपल्याकडे अजून ऐकू येते, ती घातक आहे. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ गेला, आता लस दंडात देतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर केलेले उपचार त्याला रोखतात. घरच्या कुत्र्याची लस दरवर्षी वेळेवर द्या.

ब्रूनोचे पुढे काय झाले

त्या संध्याकाळी मी ब्रूनोची बाजू घेतली नाही. लेकीच्या हाताला दात लागलेल्या बापाला 'कुत्रा निर्दोष आहे' हे ऐकवत नाही. मी त्यांना मोतीची गोष्ट सांगितली. पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांगितले. आणि एकच विनंती केली, "पशुवैद्यांना एकदा दाखवा आणि तीन महिने द्या. ते जे सांगतील ते आधी करा."

पशुवैद्यांना दाढेला सूज आढळली. तिच्यावर उपचार झाले आणि पुढचे त्यांच्या देखरेखीखाली ठरले. पहिले काही दिवस ब्रूनो फक्त बंद दाराआड जेवला. मग आईने पाठ सुरू केला. दुसऱ्या महिन्यात एकदा घाई झाली, तो गुरगुरला, तेव्हा त्या न ओरडता चार पावले मागे आल्या. आता सहा महिने होत आले. आई आणि बाबा त्याच्या भांड्याजवळून जाऊ शकतात. 'दे' म्हटले की तो चेंडू सोडतो. हाडावरची राखण मात्र गेलेली नाही, म्हणून त्या घरात हाड कायमचे बंद आहे, आणि मुलगी अजूनही त्याच्या जेवणाच्या खोलीत जात नाही. हे असेच राहील, आणि त्यात कमीपणा नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटीचे ते खरे असेल. वागण्याचे तसे नाही, पण त्यासाठी आधी आपले वागणे बदलावे लागते.

परवा आजींनी ब्रूनोसाठी पोळीचे तुकडे करताना त्यावर थोडे तूप घातले, असे ती मुलगी मला सांगत होती. पशुवैद्य तुपाला फारसे राजी नाहीत. मी मात्र काही बोलले नाही.

विचार करा, लिहा

1. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या कुत्र्याला जेवताना दुरून पाहा. सात पायऱ्यांपैकी कोणत्या दिसल्या? जवळ जाऊ नका.
2. गुरगुरणे बंद झाले म्हणजे भीती गेली, असे का म्हणता येत नाही? सहा-सात ओळींत लिहा.
3. अदलाबदलीत वस्तू परत करणे का महत्त्वाचे आहे?
4. आपल्या धाकट्या भावंडाकडून एखादी वस्तू हवी असते, तेव्हा आपण हिसकावतो की मागतो? खरे उत्तर लिहा. गुण कापले जाणार नाहीत.